पहिल्यांदा गाय पाळताय? दुधाच्या आधी चिकाचं बघा (ठाणे-नवी मुंबईच्या नवीन लोकांसाठी)

ठाणे-डोंबिवली, वाशी-पनवेलची बरीच मंडळी हल्ली शहापूर, मुरबाड, बदलापूर नाहीतर खालापूर बाजूला थोडी जागा घेऊन दोन-चार गायी पाळायचा विचार करतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, गाय दूध किती देईल. चीक (म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं घट्ट दूध) कसा निघेल, वासरू जगेल का, व्यायल्यावर गाय आजारी पडणार नाही ना, हे कोणी विचारत नाही. माझं मत सरळ आहे, गायीच्या प्रतिकारशक्तीचं काम व्यायच्या आधीच्या दोन महिन्यांत होतं आणि वासराचं पहिल्या सहा तासांत. तुमचा वेळ आणि पैसा आधी या दोन ठिकाणी लावा, दुधाची क्वालिटी बरीचशी त्यातूनच येते.

आधी हे समजून घ्या

माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच नाळेतून बऱ्यापैकी अँटीबॉडी मिळतात. गायीचं तसं नाही, तिच्या वारेची (प्लॅसेंटाची) रचनाच अशी असते की आईच्या रक्तातल्या अँटीबॉडी पोटातल्या वासरापर्यंत पोचत नाहीत. म्हणजे वासरू जन्मतं तेव्हा त्याच्याकडे रोगाशी लढायला जवळपास काहीच नसतं. जे मिळायचं ते चिकातून मिळतं. आणि वासराच्या आतड्यातून या अँटीबॉडी अख्ख्याच्या अख्ख्या रक्तात जायची सोय फक्त पहिल्या दिवसापुरती असते, जन्मल्यापासून दर तासाला ती कमी होत जाते, पहिले दोन तास सगळ्यात भारी, सहा तासांपर्यंत ठीक, २४ तासांनी दार बंद. नंतर कितीही उत्तम चीक पाजा, रक्तात काही जात नाही.

अजून एक गोष्ट, ही सोय जंतूंनाही तितकीच उघडी असते. शेणाने भरलेला सड वासराने आधी चोखला तर चिकाच्या आधी शेणातले जंतू आत जातात. म्हणून लवकर पाजणं आणि स्वच्छ पाजणं, दोन्हीला सारखंच महत्त्व द्या.

चिकात असतं काय? साध्या गायीच्या दुधात प्रोटीन साधारण ३.२ टक्के, पहिल्या धारेच्या चिकात १४ टक्क्यांच्या आसपास, आणि त्यातला मोठा हिस्सा अँटीबॉडीचा, मुख्यतः आयजीजी नावाची. सोबत व्हिटॅमिन ए आणि ई, जी वासराला पोटात फारशी मिळालेली नसतात. लिटरमागे ५० ग्रॅम किंवा जास्त आयजीजी असेल तर तो चांगला चीक.

गाय कधी आणायची

इकडचे बरेच लोक घाटावरून संकरित गाय आणतात, लोणीच्या बाजारातून नाहीतर जुन्नर, संगमनेर, नाशिक बाजूने, आणि शक्यतो "आठ-दहा दिवसांवर आलेली" गाय शोधतात, कारण लगेच दूध सुरू होतं. मी हे करू नका असंच सांगेन. कारण एक, माळशेज नाहीतर कसारा घाट उतरून टेम्पोत उभी राहून आलेली गाय ऐन नाजूक दिवसांत ताण घेऊन येते आणि ताणाने प्रतिकारशक्ती खाली येते. कारण दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, चिकातल्या अँटीबॉडी त्या गोठ्यातल्या जंतूंविरुद्ध तयार झालेल्या असतात जिथे गाय इतके दिवस राहिली. तुमच्या गोठ्यातले जंतू वेगळे, कोकणातली हवा वेगळी. अँटीबॉडी कासेत जमा व्हायला व्यायच्या साधारण पाच आठवडे आधी सुरुवात होते, तेव्हा त्याच्याही आधी गाय तुमच्याकडे रुळलेली पाहिजे. गाभणपणाच्या सातव्या महिन्याच्या आत आणा, पहिले दोन-तीन आठवडे बाकीच्या जनावरांपासून लांब बांधा, आणि रेतनाची (गाय भरवल्याची) तारीख विकणाऱ्याकडून लिहून घ्या. साधारण २८० दिवस धरायचे, आपल्याकडे नऊ महिने नऊ दिवस म्हणतात तेच.

घेण्याआधी ब्रुसेलोसिस (गाय गाभडवणारा संसर्गजन्य रोग) आणि टीबीची तपासणी डॉक्टरांकडून करून घ्या आणि चारही सडांचं दूध तपासा, कसं ते पुढे येतंच. कानात १२ आकडी बिल्ला आहे का तेही बघा, नसेल तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून मारून घ्या.

जातीचं म्हणाल तर नवीन माणसाने पहिल्याच वर्षी २० लिटरची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन ही विदेशी जात) घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. आपल्या दमट हवेत ती धापा टाकते. डांगी गाय शहापूर-जव्हारच्या डोंगरपट्ट्यातली, कातडी तेलकट असल्याने धो-धो पाऊस सहन करते, कोकण कपिला लहान अंगाची आणि काटक. या दोन्ही दूध कमी देतात हे खरं, पण आजाराने तुम्हाला पळवत नाहीत. संकरितच घ्यायची तर मध्यम दुधाची जर्सी क्रॉस आपल्याकडे बरी पडते.

आटवणं, म्हणजे भाकड काळ

व्यायच्या ६० दिवस आधी दूध काढणं बंद. नवीन माणसाला हे जड जातं कारण गाय अजून पाच-सहा लिटर देत असते आणि सोसायटीतली गिऱ्हाइकं फोन करत असतात. पण कासेला आतून नवीन व्हायला आणि चीक भरायला हा वेळ लागतोच, भाकड काळ फारच आखडला तर चीकही कमी निघतो आणि पुढच्या वेताचं दूधही घसरतं.

कमी दुधाच्या गायीचं दूध एका दिवसात बंद करता येतं, जास्त देणारीचा खुराक (पेंड-भरडा) आठवडाभर आधी कमी करत आणायचा आणि मग बंद. शेवटचं दूध पूर्ण काढल्यावर चारही सडांत भाकड काळाची अँटिबायोटिक ट्यूब सोडायची का ते डॉक्टरांना विचारा, विशेषतः त्या वेतात दगडी (कासेला जंतूंमुळे येणारी सूज, मॅस्टायटिस) होऊन गेली असेल तर. ट्यूब सोडली तर तारीख भिंतीवर लिहा, कारण तिच्या लेबलवर दिलेले दिवस पुरे व्हायच्या आत गाय व्यायली तर ते दूध माणसांनी प्यायचं नसतं. बंद केल्यावर दोन आठवडे रोज कास नजरेखालून घाला, एखादा सड गरम, लाल, सुजलेला दिसला की लगेच दवाखाना. आणि "जरा बघू उतरलं का" म्हणून सड पिळायचा नाही, सडाच्या टोकाला निसर्गाने लावलेलं बूच त्याने निघतं आणि जंतूंना रस्ता मिळतो.

खाणं, इथे आपल्याकडे सगळ्यात जास्त चुकतं

ठाणे जिल्हा भाताचा, त्यामुळे सगळीकडे भाताचा पेंढा, आणि स्वस्त म्हणून गायीपुढे तोच. पेंढ्याने पोट भरतं पण त्यात प्रोटीन जेमतेम तीन-चार टक्के, वर त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, आणि वाळलेल्या चाऱ्यात व्हिटॅमिन ई जवळपास उरलेलंच नसतं. त्यात कोकणातल्या तांबड्या जमिनीतली खनिजं दरवर्षीच्या पावसात धुऊन जातात, मग तिथल्या गवतातही ती कमीच. आता बघा, व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम कमी पडलं की रक्तातल्या जंतू खाणाऱ्या पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत, आणि या पेशी नुसत्या जंतूंशी लढत नाहीत तर व्यायल्यावर वार सुटायलाही मदत करतात. म्हणजे वार अडकणं, दगडी होणं आणि पातळ चीक, तिन्हीचं मूळ बऱ्याचदा त्या एकाच गव्हाणीत असतं.

काय करायचं: मध्यम अंगाच्या गायीला रोज १५-२० किलो हिरवा चारा आणि पाच-सहा किलो सुका. हिरव्यासाठी पाच-दहा गुंठे संकरित नेपियर लावा, पण नुसता नेपियर नको कारण ऑक्झॅलेट त्यातही असतं, जोडीला चवळी, मका किंवा शेवरी-सुबाभळीचा पाला द्या. शेवटच्या दोन महिन्यांत खुराक रोज दीड-दोन किलो, हळूहळू चढवत, म्हणजे व्यायल्यावर एकदम पेंड वाढली तरी पोट बिघडत नाही. मिनरल मिक्श्चर रोज ५० ग्रॅम, खुराकात कालवून, बाराही महिने. फक्त शेवटच्या तीन आठवड्यांत कॅल्शियमचा मारा करू नका, लसूणघास भरपूर आणि वरून कॅल्शियमची बाटली असं प्रेमाने केलं जातं, पण त्याने गायीचं शरीर स्वतःच्या हाडातलं कॅल्शियम काढायचं विसरतं आणि व्यायल्यावर एकदम मागणी आली की गाय बसते. शेवटच्या तीन आठवड्यांचं मिनरल वेगळं येतं, ते डॉक्टरांना विचारून घ्या.

आणि गाय लठ्ठ करू नका. शेवटच्या एक-दोन बरगड्या हलक्याशा दिसल्या पाहिजेत, शेपटीच्या मुळाशी चरबीच्या गाठी दिसायला नकोत. फार लठ्ठ गाय व्यायल्यावर खात नाही, अंगातली चरबी लिव्हरवर चढते आणि नेमकी तेव्हाच प्रतिकारशक्ती कोसळते.

गोठा: उन्हाळा आणि पाऊस

एप्रिल-मे मध्ये मुरबाड-बदलापूरकडे पारा ४० ला टेकतो आणि पनवेल-उरणकडे आकडा कमी असला तरी दमट इतकं की गायीचं अंग थंड व्हायला हवाच साथ देत नाही. शेवटच्या दोन महिन्यांत गाय सतत तापली तर वासरू वजनाला कमी जन्मतं, असं वासरू चिकातल्या अँटीबॉडीही कमी शोषतं, आणि गायीचं पुढचं दूधही घटतं. म्हणून पंखा आधी भाकड गायीला लावा, दुभतीला नंतर. उलट वाटेल, पण मी तसंच सांगेन.

फॉगर लावून गोठ्यात धुकं करायची फॅशन आलीय, ते विदर्भाच्या कोरड्या हवेत चालतं, आपल्याकडे त्याने आर्द्रता अजून वाढते. इकडे मोठ्या थेंबांचा शॉवर एक-दोन मिनिटं, अंग भिजेपर्यंत, आणि मग जोरात पंखा, असं आलटून पालटून. पंखा नसेल तर नुसतं पाणी मारत बसू नका. पत्र्यावर पांढरा चुना नाहीतर पेंढ्याचा थर, आणि छत शक्य तितकं उंच. गायीने तोंड उघडून धापा टाकायला सुरुवात केली म्हणजे तुम्ही आधीच उशीर केलाय.

पावसाळ्यात प्रश्न चिखलाचा. जून ते सप्टेंबर ओल काही हटत नाही आणि ओल्या जमिनीवर बसलेल्या कासेला दगडी होणार म्हणजे होणारच. रबर मॅट असली तरी वर कोरडं काहीतरी लागतं, आपल्याकडे भाताच्या गिरण्यांचा तूस भरपूर मिळतो, पावसाच्या आधी दहा-पंधरा पोती भरून ठेवा. ओला लाकडी भुसा टाळा, त्यात दगडीचे जंतू वाढतात. ज्या कोपऱ्यात गाय व्यायणार तो कोपरा वेगळा ठेवा, आजारी जनावर तिथे बांधायचं नाही, आधी खरवडून धुवायचा, चुना मारायचा, वाळू द्यायचा, मग तूस. आणि पाणी साचलेल्या जागी गायी चारू नका, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आपल्याकडे पावसात असतोच, तो गायींनाही होतो आणि त्यांच्या मुतातून माणसालाही, तेव्हा गोठ्यात गमबूट घालायची सवय लावून घ्या.

लसी आणि गोचीड

लाळ्या खुरकूत दर सहा महिन्यांनी, घटसर्प आणि फऱ्या पावसाच्या आधी, लम्पी वर्षातून एकदा. २०२२ च्या साथीत लम्पी ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात सापडला आणि तिथून राज्यभर पसरला, तेव्हापासून लोक ती लस मागून घेतात हे चांगलं झालं. गायीला लस दिली की तिच्या रक्तात अँटीबॉडी बनतात आणि त्याच चिकातून वासराला जातात, म्हणजे एका टोचणीत दोन जीव. गाभण गायीला कितव्या महिन्यात टोचायचं ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही फक्त रेतनाची तारीख दाखवा.

गोचीड हाताने काढून गोठ्यातच टाकू नका, रॉकेलच्या डब्यात टाका. औषध फवारायचं तर गायीबरोबर भिंतीच्या फटींतही, कारण बरीचशी पिल्लावळ तिथेच असते. संकरित गायीला ताप, डोळ्यांत पाणी, गळ्याजवळच्या गाठी सुजलेल्या असं दिसलं तर गोचीड ताप असू शकतो, त्यात एक दिवसही थांबायचं नाही.

व्यायचा दिवस

आठवडाभर आधी एका बादलीत सामान भरून ठेवा: स्वच्छ सुती कापडं, टिंक्चर आयोडीन, हातमोजे, निपलची बाटली, मोजायचं भांडं, टॉर्च, आणि डॉक्टरांचा नंबर लिहिलेला कागद. फिरत्या पशुचिकित्सा गाडीसाठी १९६२ हा टोल-फ्री नंबर आहे तोही लिहा, आतल्या पाड्यांवर त्याचा उपयोग होतो.

वासरू आलं की नाका-तोंडातला चिकट पदार्थ काढा, गायीला चाटू द्या, नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये पूर्ण बुडवा, नुसतं वरून शिंपडून भागत नाही. नाळ ओली राहिली की त्यातून जंतू थेट आत जातात आणि आठवड्याभराने वासराचे सांधे सुजतात.

आता मुख्य गोष्ट. घराघरांत एक समज आहे की वार पडल्याशिवाय चीक काढायचा नाही, वासराला पाजायचंही नाही. गावातल्या आजी, काकी हे मायेनेच सांगतात, त्यांच्याशी वाद घालू नका पण ऐकूही नका. वार पडायला सात-आठ तास लागू शकतात आणि तोवर वासराची सगळ्यात मोलाची वेळ निघून जाते. उलट वासराने चोखल्यावर गायीच्या अंगात जे हार्मोन सुटतं त्याने गर्भाशय आकुंचन पावतं आणि वार पडायला मदतच होते. थांबायचा दुसरा तोटा म्हणजे व्यायल्या क्षणापासून कासेत नवीन दूध उतरून चीक पातळ होत जातो. तेव्हा एक-दोन तासांत काढा, दोन तासांच्या आत पाजा.

किती पाजायचा? वजनाच्या दहा टक्के. वासराचं वजन करायला घरचा बाथरूमचा वजनकाटा पुरतो, वासराला उचलून उभं राहा, मग स्वतःचं वजन वजा करा. संकरित वासरू ३० किलोचं असेल तर पहिल्या वेळी तीन लिटर, आणि पुढच्या दहा-बारा तासांत अजून दीड-दोन लिटर. डांगी किंवा कपिलेचं १५-२० किलोचं वासरू असेल तर पहिल्यांदा दीड ते दोन लिटर. नुसतं आईजवळ सोडून "पितंय की" म्हणून निघून जाऊ नका, कास लोंबती असेल, वासरू अशक्त असेल तर ते नुसतं हुंगत राहतं. स्वतः काढून, मोजून, बाटलीने पाजा. काढायच्या आधी सड धुवा, कोरडे पुसा, पहिल्या दोन धारा टाकून द्या. निपलचं भोक लहान ठेवा, वासराचं डोकं नैसर्गिक उंचीवर, फार वर केलं की चीक फुप्फुसात जातो. चोखतच नसेल तर जबरदस्तीने ओतू नका, डॉक्टर नळीने पाजतात.

चीक चांगला आहे का हे कसं ओळखायचं

घट्ट आणि पिवळा म्हणजे चांगला असं सगळे म्हणतात. पिवळेपणा हिरव्या चाऱ्यातल्या कॅरोटीनने येतो, त्यावरून अँटीबॉडी किती ते कळत नाही. खरं बघायचं तर ब्रिक्स मीटर घ्या, नाशिकचे द्राक्षवाले गोडी मोजायला वापरतात तेच. काचेवर दोन थेंब, झाकण लावा, उजेडाकडे धरून बघा, २२ किंवा वर असेल तर चांगला. त्याखाली असेल तर तोच पाजा पण जास्त पाजा, आणि साठवलेला चांगला चीक असेल तर तो आधी द्या. पहिलटकरणीचा चीक बहुतेक कमी भरतो, तिसऱ्या-चौथ्या वेताच्या गायीचा उत्तम. व्यायच्या आधीच सडांतून गळत असेल तर तोही हलका झालेला असतो. रक्त किंवा गाठी दिसणारा, दगडी झालेल्या सडाचा चीक वासराला द्यायचा नाही.

मोठ्या गायीचा चीक वासराला पुरून उरतो, तो फुकट घालवू नका. २२ च्या वरचा चीक एक लिटरच्या स्वच्छ बाटल्यांत भरून, तारीख आणि गायीचं नाव लिहून डीप फ्रीजरला उणे २० वर ठेवा, वर्षभर टिकतो. साध्या फ्रीजमध्ये एक-दोन दिवसच. आपल्याकडे पावसात लाईट जाते, एकदा वितळलेला परत गोठवू नका. वापरताना बाटली ५० डिग्रीच्या आतल्या कोमट पाण्यात ठेवून वितळवा, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही, जास्त उष्णतेने अँटीबॉडी मरतात, आणि वासराच्या अंगाइतका, ३८-३९ डिग्रीचा झाला की पाजा. फक्त ब्रुसेलोसिस नाही हे माहीत असलेल्या आपल्याच गायीचा चीक साठवा, कुठून तरी आणलेला नको.

खरवसाचं काय

गाय व्यायली की शेजारीपाजारी, ठाण्यातले नातेवाईक, सगळ्यांचे फोन येतात, आणि चिकाला पैसेही चांगले मिळतात. खरवस मलाही फार आवडतो. पण पहिल्या वेळी काढलेला चीक वासराचा, दुसऱ्या वेळचाही वासराचा, त्याचं मोजून झालं की उरलेल्याचा खरवस. पहिल्या दिवशीचा सगळा चीक मिठाईवाल्याला विकून वासराला दुसऱ्या दिवसापासून पाजणारे लोक आहेत, आणि मग महिन्याभरात वासरू हगवणीने जातं तेव्हा नशिबाला दोष देतात. खरवस खाऊन माणसाची इम्युनिटी वाढते असंही सांगून विकतात, तर वाफवल्यावर त्या अँटीबॉडी टिकत नाहीत, आणि मोठ्या माणसाच्या आतड्यातून त्या तशा रक्तात जातही नाहीत. आवडतो म्हणून खा. कच्चा चीक मात्र कोणी पिऊ नका, लहान मुलांना तर नाहीच.

पहिल्या पाच दिवसांचं दूध डेअरीच्या कॅनमध्ये मिसळू नका, तापवल्यावर फाटतं आणि एका लिटरने अख्खा कॅन जातो. ते वासरालाच पाजत राहा, रक्तात जात नसलं तरी आतड्यात राहून ते हगवणीच्या जंतूंना अडवतं.

व्यायल्यावर गायीचे तीन आठवडे

गायीची स्वतःची प्रतिकारशक्ती या दिवसांत सगळ्यात खाली असते, कारण दूध एकदम वाढतं आणि खाणं त्या वेगाने वाढत नाही. व्यायल्यावर लगेच कोमट पाणी पोटभर, त्यात गूळ आणि मूठभर मीठ. रोज सकाळी ताप बघा, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट नॉर्मल, १०३ च्या वर गेला की फोन करा. कान गार, मान एका बाजूला वळवून बसलेली, उठत नाही, म्हणजे कॅल्शियम पडलंय, तास-दोन तासांत डॉक्टर पाहिजे, शिरेतून कॅल्शियम स्वतः द्यायला जाऊ नका, वेगाने गेलं तर हृदय बंद पडतं. वार १२ तासांत पडली नाही तर डॉक्टरांना कळवा, ओढायची नाही, तिला दगड-चप्पल बांधायची नाही. पडलेली वार हातमोजे घालून उचला आणि खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, कुत्र्यांनी ओढत नेली तर ब्रुसेलोसिससारखे रोग गावभर फिरतात आणि तो माणसालाही होतो.

दुधाची क्वालिटी

डेअरीवर दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ठरतो म्हणून सगळ्यांचं लक्ष फॅटवर. पण दुधाची खरी तब्येत सोमॅटिक सेल सांगतात, म्हणजे कासेत जंतू शिरल्यावर लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी. मिलिलीटरला दोन लाखांच्या आत असतील तर कास निरोगी धरायची, वर गेल्या की आतून छुपी दगडी सुरू आहे, दूध दिसायला साधं पण लवकर नासतं, खारट लागतं, पनीर कमी पडतं आणि गायीचं उत्पादनही गुपचूप घटतं.

घरी तपासायची सोपी पद्धत: अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम कपड्यांचा डिटर्जंट पावडर विरघळवा, चार वाट्यांत चार सडांचं थोडं-थोडं दूध, प्रत्येकात तेवढंच हे पाणी, आणि हलकं गोल फिरवा. पातळच राहिलं तर ठीक, शेंबडासारखं घट्ट झालं तर त्या सडात गडबड आहे. पंधरा दिवसांनी एकदा करा, गाय घ्यायच्या आधी तर कराच.

काढताना सड तेवढे धुवा, अख्खी कास ओली केली की घाण पाणी ओघळून सडावर येतं. प्रत्येक गायीला वेगळं कापड, कोरडं पुसा. पहिल्या धारा काळ्या वाटीत, गाठी लगेच दिसतात. पूर्ण मुठीने काढा, अंगठा मुडपून ओढल्याने सड आतून चिरडतो. झाल्यावर चारही सड टीट डिपमध्ये (सडांसाठीच्या जंतुनाशकात) बुडवा आणि गायीपुढे वैरण टाका म्हणजे ती अर्धा-पाऊण तास उभी राहील, कारण सडाचं तोंड मिटायला तेवढा वेळ लागतो. दगडी असलेली गाय सगळ्यात शेवटी. दूध काढल्यावर दोन-तीन तासांत ४ डिग्रीपर्यंत थंड झालं पाहिजे, मे महिन्यात मुरबाडहून ठाण्याला कोमट कॅन घेऊन निघालात तर पोचेपर्यंत ते गेलंच समजा.

अँटिबायोटिक दिलं असेल तर लेबलवर लिहिलेले दिवस ते दूध विकायचं नाही, नात्यातल्या माणसालाही द्यायचं नाही.

वासराचं पुढे

चीक नीट पोचला की नाही हे खात्रीने बघायचं तर दुसऱ्या ते सातव्या दिवसात डॉक्टर थोडं रक्त घेतात, त्याचा सीरम त्याच ब्रिक्स मीटरवर ८.४ च्या आसपास किंवा वर आला तर काम झालं. हगवण लागली तर दूध बंद करू नका, मध्ये-मध्ये वासरांचं ओआरएस द्या, डोळे आत गेले किंवा वासरू उठेना तर सलाईनसाठी दवाखाना. दहाव्या-पंधराव्या दिवशी डॉक्टरांना विचारून जंताचं औषध.

आईच्या चिकातल्या अँटीबॉडी तीन-चार महिन्यांत संपत येतात. त्या रक्तात जास्त असताना दिलेली लस त्याच खोडून काढतात, म्हणून लाळ्या खुरकूतची पहिली लस चौथ्या महिन्याच्या सुमारास आणि महिन्याने बूस्टर. कालवड असेल तर ४ ते ८ महिन्यांच्या मधे ब्रुसेलोसिसची लस, आयुष्यात एकदाच, डॉक्टरांच्याच हातून. ती केंद्राच्या २०१९ मध्ये सुरू झालेल्या लसीकरण कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातून मोफत मिळते, तेव्हा वासरू तीन महिन्यांचं झालं की तालुक्याच्या दवाखान्यात नाव नोंदवून या.